नळीतला पीळ

ती घटना आठवली की आजही आधी माझी मलाच लाज वाटते. राज्य पुनर्रचना नुकतीच झाली होती आणि मी पांढुर्ण्याला ठाणेदार होतो. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिलं, आणि नागपूरच्या तज्ज्ञाकडे तपासणीला पाठवलेली एक गोळी दोन सरकारांच्या टपालात अडकली.

ती गोळी तिगावजवळच्या एका संत्रा बागायतदाराच्या छातीतून काढली होती. दुपारी तो बागेतल्या टिनाच्या खोपटात बाजेवर पडला होता. कोणीतरी बाहेरून गोळी झाडली, ती टिन फोडून आत आली. त्याचा धाकटा भाऊ शाळामास्तर, गावात मानाचा माणूस. खबर त्यानेच दिली. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद होता, त्याच्याकडे परवान्याची रायफल आहे, म्हणाला. आम्ही झडती घेतली. तशाच लांब गोळ्यांची काडतुसं शेजाऱ्याच्या घरात सापडली.

चौकशीत शेजारी एकच वाक्य धरून बसला. "गोळी माहीच दिसून राहिली साहेब. पण माही गोळी सरळ जाते. अशी आडवी नाही जात."

टिनाला भोक पडलं होतं ते खरंच लांबट, कुलपाच्या भोकासारखं. पण मी ऐकतो कशाला? "गोळी काय तुला विचारून जाते?" म्हणालो आणि दोन कानाखाली दिल्या. दोषारोपपत्र तयार झालं. माणूस फासावर जाणार हे उघड होतं.

तेवढ्यात मुख्यालयातून शस्त्रागाराचे म्हातारे हवालदार ठाण्याच्या रायफली तपासायला आले. मुद्देमालातलं टिन पाहून ते थबकले.

"साहेब, नळीला आतून पीळ असतो. त्यानं गोळी भवऱ्यासारखी फिरते, म्हणून सरळ जाते. लांब गोळीले घट्ट पीळ लागते. सैल पिळाच्या नळीतून मारली तर ते कोलांट्या खाते. हे भोक तसंच आहे."

जाम नदीच्या कोरड्या पात्रात टिन उभं केलं. शेजाऱ्याच्या रायफलीने तीन गोल भोकं पाडली. सौंसरच्या तहसिलीतलं परवान्यांचं रजिस्टर काढलं, तर त्याच मापाची आणखी एकच रायफल निघाली, खुद्द मयताच्या नावावर. ती मागवून तशीच लांब गोळी झाडली. भोक आडवं पडलं. ती रायफल मास्तरांच्या खोलीत असायची, आणि रोज ठाण्यात येऊन "न्याय कधी मिळते साहेब?" असं विचारणारेही तेच होते.

भोकं पडलेलं टिन समोर ठेवलं तेव्हा मास्तरांनी पाणी मागितलं आणि सगळं सांगितलं. भाऊ बागेचा हिस्सा देत नव्हता.

शेजाऱ्याला सोडताना मी विचारलं, "काडतुसं कोणाला दिली होतीस?"

"मास्तरले. रानडुक्कर मारायचं हाय म्हने."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझाही गेला नव्हता. मी त्याच्यावरच डाफरलो, "मग आधी का नाही सांगितलंस?"

त्याने गालावरून हात फिरवला. "तुम्ही इचारलंच कुठं, साहेब? मारलं फकस्त."

पुढच्या सगळ्या नोकरीत मी आधी विचारायला शिकलो. त्या दिवशी मात्र त्याच्याकडे मान वर करून पाहणंही मला जमलं नाही.