पॉलिश पेपरने पुसलेल्या रेघा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी सासऱ्यांना काय बोलले ते वाचून कुणाला धक्का बसायला नको.

गार्चिंग या जर्मन गावाच्या कडेला आम्ही भाड्याने राहायचो, त्या घराच्या मागे एक लाकडी शेड होती आणि तिच्यात घरमालकांची गाडी उभी असायची. पुढून बघाल तर ऐसपैस अमेरिकन मोटार, मागून बघाल तर टेम्पोसारखा उघडा हौदा. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून घरमालकांनी ती चाळिशीत घेतली होती, आणि आता ते ऐंशीचे होते. दोन्ही मडगार्डांवर क्रोमचे बिल्ले होते, त्या काळच्या स्पोर्टी मॉडेलवर असायचे तसे. जुन्या अमेरिकन गाड्यांचा रविवारी मेळावा भरायचा, तिथे हे घरमालक आजोबा ती घेऊन जायचे आणि हमखास चिडून परत यायचे. बिल्ला खोटा, मग इंजिनही बदललेलंच असणार, असं तिथले लोक म्हणायचे. ही कटकट चाळीस वर्षं चालू होती.

त्या वर्षी हिवाळ्याआधी ते वृद्धाश्रमात राहायला जाणार होते, म्हणजे शेड रिकामी करायची होती. फ्रँकोनियातल्या एका छोट्या संग्रहालयाने गाडी ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती, पण एका अटीवर. कारखान्यातून आलं तेच इंजिन अजून गाडीत आहे, असं तज्ज्ञाचं लेखी गुटआख्टन, म्हणजे तपासणी अहवाल, हवा. तो नसेल तर आजोबांच्या पुतण्याने आधीच एक माणूस बघून ठेवला होता. तो गाडी खोलून सुटे भाग विकणार होता. आजोबांनी हे मला जिन्यात गाठून सांगितलं. म्हणाले, "तुमचं रोजचं कामच इंजिनांचं. मला मदत कराल?" मी इंजिन टेस्टिंगमध्ये होते, हे खरं. मी उभ्या उभ्या हो म्हटलं, आणि एकदा हो म्हटलं की मग मला मागे फिरता येत नाही.

नवरा नोकरीसाठी आठवडाभर हेर्त्सोगेनआउराखला असायचा, त्यामुळे घरात मी आणि तीन महिन्यांसाठी आलेले सासरे. बाबा पिंपरीच्या एका टूलरूममध्ये पस्तीस वर्षं होते, फोरमन म्हणून निवृत्त झालेले. इथे त्यांना करमेना. टीव्ही कळत नाही, शेजारी नुसतेच हसून पुढे जातात, आणि कचऱ्याचे चार डबे बघून त्यांना रोज राग यायचा. शेडमधली गाडी दिसल्यावर मात्र स्वारी खुलली.

शनिवारी आम्ही दोघांनी बॉनेट उघडलं. या इंजिनांवर पुढे उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या खाली, बोटभर रुंदीची सपाट जागा असते आणि तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. त्याचे शेवटचे आकडे पुढच्या काचेखालच्या पट्टीवरच्या गाडीच्या नंबराशी जुळले, तर इंजिन त्याच गाडीचं. पण ती जागा चाळीस वर्षांच्या काळ्या ग्रीसखाली गाडली गेली होती. सोमवारी ऑफिसला निघताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, जमलं तर तेवढी जागा स्वच्छ करून ठेवाल का? नंबर नीट दिसायला हवेत."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बाबांच्या होतं. त्यांच्या टूलरूममध्ये आदल्या दिवशी प्रत्येक मशीन घासूनपुसून लख्ख व्हायचं आणि मगच त्याला कुंकू लागायचं. मंगळवारी संध्याकाळी मी शेडमध्ये गेले तर बॉनेट उघडं, आत हळदकुंकू, वर शेवंतीची फुलं. इथले लोक ती थडग्यांवर वाहायला नेतात, बाबांनी ती सुपरमार्केटमधून इंजिनासाठी आणली होती. आणि ती बोटभर जागा आरशासारखी चकचकीत.

"पॉलिश पेपर मारला," बाबा कौतुकाने म्हणाले. "आधी रफ, मग फाइन. बघ, आकडे कसे उठून दिसतायत."

आकडे दिसत होते, आणि जुळतही होते. पण कारखान्यात ती जागा कापली जाते तेव्हा कटरच्या बारीक समांतर रेघा तिच्यावर उमटतात. तज्ज्ञ आकड्यांच्या आधी त्या रेघा बघतो. रेघा नसल्या की तो धरून चालतो, कुणीतरी जुना नंबर घासून नवा ठोकलाय. ते मला माहीत होतं. बाबांना सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं.

आणि तरी मी त्यांनाच बोलले. म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितले होते हे उद्योग? पूजा करायची तर घरातल्या मिक्सरची करायची. दुसऱ्याची गाडी, त्याचा एकुलता एक पुरावा, आणि तुम्ही तो पुसून टाकलात." बाबांनी फुलं उचलली, हात धुतले आणि खोलीत जाऊन बसले. रात्री जेवले नाहीत. मला इतकी लाज वाटली की मीही जेवले नाही, पण माफी मागायला तोंड उघडेना.

सकाळी चहा देताना म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे. मी अर्धवट सांगितलं." ते म्हणाले, "ते राहू दे. दुसरीकडे कुठे नंबर असतो?" मग मी वर जाऊन आजोबांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तर मग, तज्ज्ञ दहा दिवसांनी येतोय." त्यांनी तारीख पुढे ढकलली नाही. मग मीही ठरवलं, हात टेकायचे नाहीत.

गिअरबॉक्सवरही गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे असतात, आणि इंजिनाच्या पाठीमागे ओतकामाची तारीख उठलेली असते. एकाहत्तर वर्षांचे बाबा रोज सकाळी चटईवर आडवे होऊन गाडीखाली सरकायचे. या वेळी फक्त रॉकेल आणि मऊ फडकं, दुसरं काही नाही. मी ऑफिसातून आले की टॉर्च धरायची. सहाव्या दिवशी गिअरबॉक्सवरचे आकडे दिसले, पट्टीवरचेच. आठव्या दिवशी तारीख सापडली, गाडी बनली त्याच्या काही आठवडे आधीची. कारखान्यात असंच असतं. मी गाडीखालीच हसत सुटले.

बाबा मात्र मडगार्डच्या आत हात घालून चाचपत होते. "अगं, बिल्ल्याची भोकं पंच केलेली नाहीत," ते म्हणाले. "कारखाना पंच करतो, कड साफ येते. ही हाताने ड्रिल केलीयेत, आत धातूचे कंगोरे राहिलेत. बोट लावून बघ." लावलं. खरबरीत होतं. बिल्ला नंतर बसवलेला होता.

मी आजोबांना तेही सांगितलं. "बिल्ला कारखान्यातला आहे," एवढंच ते म्हणाले. मी वाद घातला नाही.

तज्ज्ञ आला तो साधारण माझ्याच वयाचा, हातात फाइल. आधी त्याने बिल्ला बघितला आणि मेळाव्यातले लोक हसायचे म्हणे, तसंच हसला. मग बॉनेटखाली वाकला आणि त्याचं हसू गेलं. "हे कुणी घासलं?"

मी तोंड उघडणार, तोवर बाबा पुढे झाले. त्यांना भाषा कळली नव्हती, बोट कुठे रोखलंय ते कळलं होतं. "सांग त्यांना, मी घासलं. चांगलं दिसावं म्हणून. मला ठाऊक नव्हतं."

मी सांगितलं. मग गिअरबॉक्स दाखवला, तारीख दाखवली. तज्ज्ञ गाडीखाली गेला, बराच वेळ राहिला, बाहेर आला. म्हणाला, "जुळतंय. तुमच्या सासऱ्यांवर माझा विश्वास आहे. पण बिल्ला खोटा आहे. विकण्यासाठी ज्याने खोटा बिल्ला लावला, त्याने गिअरबॉक्सवर खोटे आकडे ठोकले नसतील कशावरून? बिल्ला कुणी लावला ते कळल्याशिवाय मी मूळ इंजिन असं लिहू शकत नाही."

आजोबा बाबांकडे बघत होते. बाबा नुसते उभे होते, ओशाळलेले, पण ताठ. मग आजोबा घरात गेले. मला वाटलं, संपलं. पाच मिनिटांनी ते एक फोटो घेऊन आले. गाडी घेतली त्या दिवशीचा. हौद्यात त्यांची तरुण बायको पाय सोडून बसलेली, आणि मडगार्ड साफ कोरं.

"मी लावले," ते म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यात. मेळाव्यात साध्या गाड्या मागच्या रांगेत उभ्या करायचे. माझ्या बायकोला ते आवडायचं नाही."

"म्हणजे विकणाऱ्याने फसवलेलं नाही," असं म्हणत तज्ज्ञाने फोटो फाइलला जोडला आणि तिथेच लिहिलं: बिल्ले नंतरचे, नंबराची जागा घासलेली, इंजिन मूळचं. आजोबांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि शेडच्या दाराशी खुर्चीवर बसले.

"चाळीस वर्षं मी त्या लोकांवर चिडत होतो," ते मला म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, हे त्यांना मीच शिकवलं होतं."

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.