कॅमेऱ्यावरचं लुगडं

पारगावच्या अलीकडे, ऊसतोडणीवाल्यांच्या खोपटांपाशी आम्ही वनखात्यातल्यांनी बिबट्यासाठी कॅमेरा बसवला होता. बिबट्या दिसला की यंत्र त्याला आपोआप ओळखतं आणि भोंगा वाजवतं. पण हा कॅमेरा रोज पहाटे थोडा वेळ आंधळा व्हायचा. बिघाड शोधायला गेलो, तर खांबाशी एक म्हातारी उभी. काठीनं तिनं आपलं जुनं लुगडं कॅमेऱ्यावर चढवलेलं, आणि उसाकडं तोंड करून ती उलथन्यानं परात बडवत होती. मागं आडोशाला बायका आंघोळ करत होत्या.

मी तिकडं पाठ केली आणि भडकलोच. "मावशी, अहो तुमच्याच जिवासाठी लावलाय ना तो!"

"म्हणून तर परात वाजवती, भाऊ. भ्याव मलाबी वाटतं." तिचा हात थांबला नाही. "बिबट्या दिसला की तुमचा भोंगा वाजतो. आमी दिसलो की काय व्हतं?"

"काही नाही. माणसांचे फोटो पुसले जातात."

"तुमी पाह्यलं पुसताना?"

पाहिलं नव्हतं. शेवटची बाई खोपटात गेली, तसं तिनं लुगडं खाली ओढलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

फोटो खरंच पुसतात का, असं ऑफिसात विचारलं, तर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. कॅमेरा हलवावा म्हटलं, तर बिबट्या नेमका तिथूनच येतो. आता पहाटे ऑफिसच्या पडद्यावर त्या कॅमेऱ्याचा चौकोन काळा झाला की माझा जीव टांगणीला लागतो. आणि उजळला, की मीच नजर दुसरीकडं वळवतो.