कापसाचे बोळे

हे अजून कुणी ऐकलेलं नाही. बायकोने नाही, आईने तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला तोंडावर काही म्हणू शकत नाही, म्हणून असेल.

भोपाळजवळ मंडीदीपच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. नव्या कामगाराच्या कानात प्लग नीट बसलाय ना, हे मी स्वतः बघतो. साहेब फार काळजी घेतात, असं लोक म्हणतात. घेतो खरा.

मी भोपाळच्या सरकारी टाउनशिपमध्ये वाढलो. बाबा नागपूरहून नोकरीसाठी आलेले, फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे जिथे दिवसभर तापलेल्या लोखंडावर घण पडत असतो. इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला नाही, मी औद्योगिक सुरक्षेच्या डिग्रीला गेलो, आणि ते त्यांना झोंबलं. गणपतीच्या मंडपात चारचौघांत म्हणाले, "आमचे दिवटे चिरंजीव हेल्मेट वाटायचं शिकतायत." सगळे हसले. मीही हसलो. पण डूख धरला.

घरातही ते ओरडूनच बोलत. मला वाटे, आमच्यावर डाफरतात. मग पहिल्याच वर्षी पुस्तकात वाचलं — ज्याचे कान जायला लागतात, तो मोठ्याने बोलतो. म्हणजे कळलं होतं मला. कळल्यावर काय केलं? जेवताना मुद्दाम हळू बोलायला लागलो. ते "काय?" म्हणत, मी म्हणे "काही नाही". आई नुसती माझ्याकडे बघायची. मला मजा यायची — हो, मजाच.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी एकाच कामगाराचे कान दोनदा तपासायचे होते, मध्ये काही महिने सोडून. बाबा लगेच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आले. हेडफोन लावून, आवाज आला की बोट वर करायचं. बारीक आवाजांना त्यांचं बोट वर झालंच नाही.

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "आम्ही सगळे कानात तेलाचे कापसाचे बोळे घालतो. चालतं ना रे? का स्टोअरमधून ते तुमचे प्लग मागून घेऊ?"

आयुष्यात पहिल्यांदा ते मला काही विचारत होते.

कापसाने घणाचा आवाज अडत नाही. वर्गात आम्ही त्यावर हसलो होतो. प्लग घातले असते तर उरलेलं तरी टिकलं असतं. पण मग दुसऱ्या तपासणीत मी फरक काय दाखवणार होतो?

"चालतं, बाबा. बोळेच बरे," मी म्हणालो.

नुसतं प्रोजेक्टसाठी बोललो का? नाही. शेवटी विचारायला माझ्याकडेच यावं लागलं ना — हे मनात होतं, आणि ते गोड लागत होतं.

त्यांनी शॉपभर सांगितलं. एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा गेटवर मित्राला सांगत होते, "अपना लड़का यही पढ़ रहा है, बोलता है रुई बढ़िया है." मित्राने माझ्याकडे बघून मान डोलावली. मी डबा देऊन निघालो. माझ्या शब्दावर आणखी कितीजण बोळेच घालत राहिले, हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या तपासणीत त्यांच्या ऐकण्याचा आलेख आणखी खाली गेला. हवा होता तसाच. सरांनी पाठ थोपटली. बाबा कॉलनीत सांगत फिरले, "पोराला पहिला वर्ग माझ्या कानांनी मिळवून दिला."

आता ते निवृत्त होऊन माझ्याकडेच असतात. नात बोलते तेव्हा तिच्या ओठांकडे बघून हसतात आणि भलतंच उत्तर देतात. ती हल्ली त्यांच्याशी फारसं बोलत नाही.

एकदा मी त्यांना सगळं सांगितलं. काही न गाळता, चांगलं खणखणीत आवाजात. दुपारची वेळ होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. कानाचं मशीन त्यांनी टेबलावर काढून ठेवलं होतं आणि मी त्यांच्या खुर्चीच्या मागे उभा होतो. माझं बोलून झालं. ते पेपर वाचत राहिले.