उलटा कोसुरू

दुकानाचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडत होते. ऑनलाइन नोंदवलेलं सामान दुकानात येऊन घेऊन जायचं असेल, तर पुढच्या महिन्यापासून दर खेपेला वेगळा चार्ज पडेल, असं त्यात दोन भाषांत लिहिलं होतं. असल्या मेसेजला लोक शिव्या घालतात. मला मात्र इतकं हायसं वाटलं, की मी तो पुन्हा एकदा वाचला आणि मग शांतपणे दहीभात खाल्ला.

हायसं का वाटलं हे सांगायचं तर सासूबाईंपासून सुरुवात करायला हवी. आमचं घर तांबरमला, स्टेशनपासून चालत जाता येईल इतकं जवळ. सासूबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घराण्याला तमिळ मुलखात येऊन किती पिढ्या झाल्या, ते त्यांनाही धड सांगता येत नाही. मी कोल्हापूरकडची, लग्न करून इथे आले. सुरुवातीला त्यांचं मराठी मला कुणी जुनी बखर तमिळ चालीवर वाचावी तसं वाटायचं, आणि माझं त्यांना भांडल्यासारखं. आता दोघींनाही सवय झालीय. भांडताना मात्र आपापलं मराठी बाहेर येतं.

त्यांची घरावरची सत्ता बाजारातून यायची. रोज सकाळी त्या स्वतः जाऊन भाजी आणायच्या, आणि त्यांनी जे आणलं असेल ते त्या दिवशी शिजायचं. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली. रोज चालल्या तर चालत राहतील. बसून राहिल्या तर अंथरूण धरतील, आणि या वयात धरलेलं अंथरूण सुटत नाही. घरात वॉकर आला. सासूबाई त्याच्याकडे आगाऊ पाहुण्याकडे बघावं तसं बघायच्या.

माझ्या मुलीनं शिकायला बंगळूरला जाण्याआधी आजीला टॅबलेटवर सुपरमार्केटचं ॲप लावून दिलं. सामान घरपोच मागवायचं तर बरंच एकदम घ्यावं लागे. पण सुनेनं येता येता दुकानातून उचलायचं असेल तर एक लिंबू मागवलं तरी चाले, आणि त्याला काही पडत नसे. सासूबाईंनी बरोबर हेच हेरलं. माझा नवरा गुम्मिडिपूंडीला कारखान्यात आहे, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तो उजाडायच्या आत निघतो आणि जेवायच्या वेळेला उगवतो. त्यामुळे येता येता म्हणजे कोण येता येता, हा प्रश्नच नव्हता.

दुपारी काम ऐन रंगात आलं, की फोन वाजायचा. तुमची ऑर्डर तयार आहे. उघडून बघावं तर दोन लिंबं आणि हिंगाची डबी. दुसऱ्या दिवशी कीरै, म्हणजे पालेभाजीची एक जुडी. तिसऱ्या दिवशी पुन्हा लिंबं, कारण कालची म्हणे रसाची नव्हती. सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला, पार्किंगला लागून, सामान द्यायची खिडकी आहे. तिथे पंखा नाही. दिवसभर खुर्चीत बसून आणि वर लोकलमध्ये उभं राहून आलेली मी त्या खिडकीसमोर घाम पुसत उभी असायचे, आणि माझ्यापुढचे लोक महिन्याचा किराणा डिकीत भरत असायचे. एवढ्याशा पिशवीसाठी एवढं ताटकळायचं माझ्या अगदी जिवावर यायचं. आठवड्याचं एकदम मागवा, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. त्या 'सरी, सरी' म्हणायच्या, म्हणजे बरं बरं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा पाव मिरच्या.

घरी पोचून पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली, की आतल्या खोलीतून वॉकरची खडखड ऐकू यायची. त्या टेबलापर्यंत येऊन सगळं बाहेर काढायच्या, वास घ्यायच्या, नावं ठेवायच्या. मला त्या तपासणीचाही कंटाळा आला होता.

त्यात त्या ॲपमध्ये दुकानासाठी निरोप लिहायची एक चौकट होती. तिथे त्या दर वेळी तमिळमध्ये लिहायच्या की वर थोडा कढीपत्ता घालणे, कोसुरू. तो कधीच आला नाही. खिडकीवरची बाई मला एकदा म्हणाली, की त्यांच्या मशीनला असलं काही कळत नाही. हे मी घरी सांगितलं, तरी सासूबाई लिहीतच राहिल्या.

कोसुरू या शब्दाशी माझं जुनं वाकडं आहे. नवी नवरी असताना मी सासूबाईंबरोबर बाजारात जायचे. वजन करून, पैसे ठरून झाले, की भाजीवाली कढीपत्त्याच्या दोन काड्या पिशवीत टाकायची आणि म्हणायची, कोसुरू. मला वाटलं, इथे कढीपत्त्यालाच कोसुरू म्हणतात. एकदा सासूबाईंना ताप आला म्हणून मी एकटी गेले आणि माझ्या नव्याकोऱ्या तमिळमध्ये दहा रुपयांचा कोसुरू मागितला. भाजीवालीनं शेजारणीला हाक मारली, शेजारणीनं तिच्या शेजारणीला, आणि सगळ्या जणी पोट धरून हसल्या. आपण वर थोडी कोथिंबीर टाका म्हणतो ना, त्यातलं ते 'वर' म्हणजे कोसुरू. दुकानदारानं आपण होऊन द्यायचं ते. जे विकत मिळत नाही, तेच मी विकत मागत होते. सासूबाई तापातही हसल्या आणि पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला ती गोष्ट सांगत राहिल्या. आता सुपरमार्केटात कढीपत्ता प्लॅस्टिकच्या डबीत, बारकोड लावून मिळतो. म्हणजे मी मागितला होता तो कोसुरू अखेर बाजारात आला.

चार्जचा मेसेज ऑफिसात इतरांनाही आला होता. आमच्या टेबलावर पुण्याहून आलेली एक तरुण सहकारी आहे. ती तावातावानं म्हणाली, की पेट्रोल आपलं, वेळ आपला, ओझं आपण उचलायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे, हे कुठलं शास्त्र? तिच्या शेजारच्याचं म्हणणं पडलं, की कुणीतरी आपल्यासाठी ट्रॉली घेऊन दुकानभर फिरतं, एकेक वस्तू शोधून पिशवीत भरतं, त्याचे पैसे नकोत का? मी दुकानाची बाजू घेतली. तत्त्व वगैरे काही नव्हतं. दर खेपेला पैसे पडणार म्हटल्यावर सासूबाई आठवड्यातून एकदाच मागवतील, आणि माझ्या संध्याकाळी मला परत मिळतील, एवढाच हिशेब होता.

त्या संध्याकाळी मी पिशवी ठेवता ठेवता त्यांना बातमी दिली. माझ्या आवाजात थोडा आनंद असणार, कारण त्यांनी लिंबं खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"वर पैसे? काशास?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना समजावून सांगितलं, की आपलं सामान रॅकवरून काढून बांधून ठेवायचे.

"मोजून झाल्यावर दुकानदार वर घालतो तें कोसुरू," त्या म्हणाल्या. "हा मोजून झाल्यावर वरून घेतो. उल्टा कोसुरू की हा."

मला चेव आला. दिवसभर दुकानात चालणाऱ्या त्या मुलींचे पाय दुखत नसतील का, असं मी विचारलं. घरबसल्या बोट लावायचं आणि दुसऱ्यानं धावायचं, हे फुकट कसं चालेल, असंही म्हणून गेले.

"दुखतील की. तिज दुकान पगार देतें." त्यांनी पिशवीची घडी घातली. "तिथून इकडे तूं आणतेस. तुज कोण देतें?"

कुकर लावायचाय असं काहीतरी पुटपुटून मी स्वयंपाकघरात गेले. त्या प्रश्नात टोमणा होता की आणखी काही, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि विचार करायची ताकदही नव्हती.

चार्ज सुरू झाला त्या दिवसापासून त्यांनी मागवणं बंद केलं. आठवड्यातून एकदा नाही, महिन्यातून एकदा नाही, एकदम बंद. तुला हवें तें तूं माग, म्हणाल्या. मग मी शनिवारी एकदाच सगळं नोंदवायला लागले, नवरा रविवारी स्कूटरवरून जाऊन घेऊन यायचा, एकदाच चार्ज पडायचा. बाकीचे दिवस मी स्टेशनवरून सरळ घरी. घरी येऊन पंखा लावून पाय लांब करायचे. ते पहिले काही दिवस फार सुखाचे गेले, खोटं कशाला बोलू.

त्यांना नेमकं काय झालं, हे हळूहळू दिसायला लागलं. आमटी अळणी झाली तरी त्या काही म्हणेनात. आज काय करू, असं विचारलं तर म्हणायच्या, काहीं पण कर. टॅबलेट चार्जिंगशिवाय खिडकीत पडून होता. व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, तेव्हा त्या नाइलाजानं चार पावलं टाकायच्या, आणि बाई गेल्या की परत पलंगावर. एक दिवस मी त्यांच्या खोलीत गेले, तर वॉकरवर टॉवेल वाळत घातलेला होता. दुसऱ्या दिवशी तोच टॉवेल तिथेच. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर त्यांचा ब्लाउजही. व्यायामाच्या बाई मला बाहेर बोलावून म्हणाल्या, की पायातली ताकद कमी होतेय, आधी बऱ्या चालत होत्या, मध्येच काय झालं?

मी टॉवेल काढून घेतला आणि वॉकर धरून तिथेच उभी राहिले. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त दमल्यासारखं झालं. दिवसभरात त्या न सांगता उठायच्या त्या एकदाच, पिशवी आली की. ती पिशवीच मी बंद पाडली होती, दुकानाच्या मदतीनं.

पुन्हा मागवा, चार्ज मी भरते, असं मी त्यांना सांगितलं. त्या नको म्हणाल्या. नवऱ्यानं सांगून बघितलं, की अम्मा, एका कॉफीचे पैसे आहेत, तेवढ्यासाठी काय? त्या म्हणाल्या, मग कॉफी पी. उलटा कोसुरू त्या देणार नव्हत्या. म्हातारपणी माणसाच्या हातात जे थोडं उरतं, त्यात नाही म्हणणं असतं, आणि ते त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

शेवटी मी स्टेशनबाहेरच्या भाजीच्या गाडीशी थांबले. पाय दुखत होते आणि मनात आलं, काय नशीब आहे, इथेही पुन्हा उभंच राहायचं. दोन लिंबं घेतली, पालेभाजीची एक जुडी घेतली. गाडीवाल्या बाईनं पैसे घेतले आणि न बघता कढीपत्त्याच्या काड्या पिशवीत टाकल्या.

घरी पिशवी टेबलावर ठेवली. आतून काही आवाज आला नाही.

"अम्मा," मी मोठ्यानं म्हटलं, "दहा रुपयांचा कोसुरू आणलाय."

पलंग करकरला आणि वॉकर खडखडला. येताना त्या दोनदा थांबल्या. मी मुद्दाम मदतीला गेले नाही. टेबलाशी येऊन त्यांनी कढीपत्त्याची काडी उचलली, नाकाशी धरली, आणि हा कालचा आहे, तुला फसवलं, पलीकडच्या बाईकडून घे, असं सुनावलं. मग लिंबं दाबून बघितली आणि उद्या मुळा आण म्हणाल्या.

तेव्हापासून रोज तेच चाललंय. दुकानाच्या खिडकीशी निदान सावली होती, इथे तीही नाही, आणि घासाघीस करायची ती वेगळी. व्यायामाच्या बाई खूश आहेत. सुपरमार्केटनं चार्ज घ्यावा की नाही, यावर ऑफिसात आता कुणी बोलत नाही. सगळे मुकाट्यानं भरतात. मला विचाराल तर तो कुणीतरी भरायचाच असतो. दुकान त्याची पावती देतं, घरात ती मिळत नाही, इतकाच फरक. अशी कुरकुर मी मनात बरीच करते, लोकलमध्ये उभी असताना.

परवा पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत टेकले, ती तशीच झोपले. जाग आली तेव्हा समोर टेबल रिकामं होतं. पालेभाजी निवडून, धुऊन स्वयंपाकघरात चाळणीत निथळत होती. वॉकर ओट्याशी उभा होता आणि सासूबाई त्याच्या शेजारी स्टुलावर बसून कढीपत्त्याची पानं काढत होत्या. टेबलापासून ओट्यापर्यंत त्या पडल्यापासून एकट्या कधी आल्या नव्हत्या. मी दचकून उठले. इतका उशीर झाला, मला उठवायचं नाही का, असं जरा चिडूनच म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही.

"मुद्दाम उठवलें नाहीं," त्या म्हणाल्या. "तो तुझा कोसुरू."