गेट बंद करायला पाच कप चहा

परवा खूप दिवसांनी धरणावर गेले... मिस्टर गेल्यानंतर पहिल्यांदाच. हातात त्यांचाच थर्मास होता.

आमच्या गावाजवळच्या छोट्या धरणावर ते गेट ऑपरेटर होते. बावीस वर्षं तेच काम केलं. मागच्या वर्षी उन्हाळ्यात हार्ट अटॅकने गेले. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही...

त्यांच्या जागेवर बालाजी आला. कामाला चांगला, पण घाईचा. मागच्या पावसाळ्यात धरण भरल्यावर नदीत पाणी सोडलं होतं. ते बंद करायच्या दिवशी त्याने अर्ध्या तासात गेट बंद करून टाकलं.

अंडी घालायला उथळ पात्रात चढलेले मासे तिथंच अडकले. दुपारपर्यंत नुसती डबकी उरली. लोक घमेली घेऊन गेले... त्यात खडसही होते. मोठ्या खवल्यांचा हा मासा आमच्या नदीत आता अगदी थोडा राहिलाय.

कॉलेजमधल्या एक मॅडम या माशांचा अभ्यास करतात. त्यांनी धाराशिवला पाटबंधारे ऑफिसात खूप खेटे घातले. शेवटी यंदा ठरलं, की पावसाळ्यात काही दिवस खास माशांसाठी नदीत पाणी सोडायचं. गावात चेष्टा झालीच... "आता शेतावानी माशाला बी पाणीपाळी लागली म्हणायची."

पाणी सोडलं, मासे चढले. मॅडम खुश होत्या. पण बंद कसं करायचं? कागदावर 'हळूहळू' एवढंच लिहिलं होतं. हळूहळू म्हणजे किती, हे कुणालाच सांगता येईना. आणि यंदाही मासे अडकले असते, तर पुढच्या वर्षी चढायला खडस उरलेच नसते.

तेव्हा बालाजी आमच्या घरी आला. दारातच उभा राहिला.

"वहिनी, भाऊ गेट बंद करायचे तवा एक बी मासा अडकायचा न्हाय म्हणत्यात. कसं करायचे ओ ते?"

मला काय माहीत असणार... मी शाळेत क्लार्क. मला एवढंच माहीत होतं, की त्या दिवशी थर्मासमध्ये पाच कप चहा भरून द्यावा लागायचा. आणि ते जेवायला चार-साडेचारशिवाय यायचे नाहीत.

मी वैतागायचे. "एक चाक फिरवायला अख्खा दिवस लागतो? कामाला जाता का चहा प्यायला?" ते हात धूत म्हणायचे, "पाणी दमानं उतरू दे की." पुढं काही नाही. आम्ही दोघंही कमी बोलणारे.

बालाजी गेल्यावर भाकरी करत होते, तेव्हा एकदम आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी एकदा त्यांचा डबा घेऊन धरणावर गेले होते. ते चाकाचे थोडे फेरे मारायचे आणि कप घेऊन कठड्याला टेकून खाली बघत बसायचे. खाली पात्रात एक काळा धोंडा आहे, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा.

मी विचारलं होतं, काय बघताय? म्हणाले, "म्हैस. आधी पाठ दिसू दे, मग पोट, मग गुडघे. त्याशिवाय पुढचे फेरे नाहीत." मला वाटलं, नवीन बायकोची चेष्टा करतायत...

बालाजीला फोन करून सांगितलं. त्याने पाठ, पोट, गुडघे असं एकदा परत म्हणून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हीच या. थर्मास बी आणा."

हाफ डे टाकून गेले. मॅडम दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. बालाजीने पहिले फेरे मारले. तासाभराने धोंड्याची पाठ वर आली. एकेक कप चहा झाला.

मग पुढचे फेरे. आता पाणी पोटाशी येऊन थांबलं होतं... उतरतंय की नाही, तेच कळेना. त्यात ऑफिसातून फोन, झालं का म्हणून. बालाजीने चाकाला हात घातला. "उतरलंय की वहिनी, अजून किती वाट बघायची?"

मी सहसा कुणाला अडवत नाही. पण तोंडातून निघून गेलं... "थांबा. पोट अजून पाण्यात आहे."

त्याने हात काढला. आम्ही तिघंही खाली बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने पोट उघडं पडलं आणि धोंड्यामागच्या उथळ पाण्यात माशांच्या काळ्या पाठी हलल्या. एकेक करत मासे वळले आणि खालच्या डोहाकडं सरकले. मॅडम हळूच म्हणाल्या, "गेले... सगळे गेले."

बालाजी चाकाशी बसून हसला. "आमी ऑफिसात भाऊंना चहाबाज म्हणायचो ओ."

"मी पण," मी म्हटलं.

गुडघे दिसेपर्यंत चार वाजले. आता अंड्यांसाठी एक बारीक धार तेवढी चालू ठेवली आहे. पाठ, पोट, गुडघे... मॅडमनी वहीत तसंच लिहून घेतलं. काल बालाजी सगळं पात्र फिरून आला. एकही मासा अडकलेला नाही. पिल्लं दिसायला अजून वेळ आहे, पण मॅडम म्हणतात, दिसतील.

थर्मास बालाजीला देऊन टाकावा असं आधी मनात होतं. नाही दिला. पुढच्या वर्षीही चहा मीच घेऊन जाईन.

इतकी वर्षं उशिरा जेवतात म्हणून त्यांना बोलले... परवा घरी येऊन मी जेवायला बसले, तेव्हा पावणेपाच वाजले होते.