कुनाची गो तू?

मावशी कुठल्याही लहान मुलाला आधी नाव विचारत नसे. "कुनाची गो तू?" हा तिचा पहिला प्रश्न. आमच्या खांदा कॉलनीतल्या मुलांना तो कळायचा नाही. मुलं फ्लॅटचा नंबर सांगायची. "नंबर नको, आयशीचं नाव सांग. गाव कंचा?" असं सगळं विचारून झालं की मगच मावशी त्या मुलाला घरात घ्यायची, आणि एकदा घेतलं की जेवल्याशिवाय सोडायची नाही.

ती मूळची मोरा या बंदरगावची, कोळ्यांच्या घरातली. नवरा गेल्यावर मुलाकडे कॉलनीत राहायला आली आणि माझ्या नातीला सांभाळायला आमच्याकडे लागली. माझा मुलगा आणि सून सकाळी सातला मुंबईला जात, रात्री आठला परतत. माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली होती. दुपारी शाळा सुटली की घरात मी, अकरा वर्षांची सई आणि मावशी. "आमच्याकडं पोर कुनाच्या बी ओट्यावर जेवतं," मावशी म्हणायची. "हितं दारं लावून बसताव. पोरीनं बोलावं कुनाशी, भिंतीशी?"

मासळीच्या बाबतीत ती माझंही ऐकत नसे. सुनेनं एकदा मॉलमधून सोललेल्या, कापलेल्या मासळीचं पाकीट आणलं. मावशीनं ते उलटंसुलटं केलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. "डोका नाय, कल्ला नाय. कल्ल्याचा लाल रंग बघितल्याबिगर ताजी हाय का नाय, कशावरून सांगू? पाकिटावर इस्वास ठेवू?" त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

त्याच सुमाराला घरात ब्रॉडबँड आलं. हॉलमध्ये संगणक, त्याला पासवर्ड. तो मुलगा, सून आणि मी, तिघांनाच ठाऊक. मी त्यावर वर्तमानपत्रं वाचायचो. सईला फक्त रविवारी, आईच्या देखत बसायची परवानगी होती.

शाळेतून आली की सई माझ्यामागे भुणभुण लावायची. मला जेवणानंतर झोप लागायची. एका दुपारी मी तिला पासवर्ड सांगितला आणि म्हणालो, "आईला बोलू नकोस." माझी झोप मोडू नये, एवढंच कारण. मावशी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबीर निवडत होती. तिनं ऐकलं. मला म्हणाली, "भाऊ, हे बरं नाय केलाव." मी कूस बदलली.

त्यानंतर मावशी रोज संगणकाशेजारी पाट घेऊन बसू लागली. तिला वाचता येत नव्हतं. सईनं पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवायचं, असा तिचा नियम. पंधराएक दिवस गेले. एका दुपारी मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकत होतो.

"ही कोन?"

"माझी मैत्रीण. पुण्याची. तीपण सहावीत आहे."

"कुनाची हाय? इचार तिला. आयशीचं नाव इचार."

"मावशी, असं कोणी विचारत नाही गं!"

"तू इचार तं."

सईनं टाइप केलं. थोड्या वेळानं म्हणाली, "ती सांगत नाहीये. म्हणते, आधी तुझा फोटो पाठव."

"हिचा बी कल्ला दिसत नाय," मावशी म्हणाली, आणि तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. सई रडली. मी उठलो नाही.

रात्री सुनेनं संगणक लावला, तेव्हा ते सगळं संभाषण तिच्या हाती लागलं. ती घाबरली, आणि घाबरणं योग्यच होतं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. मावशी आल्या आल्या तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही घरात असताना ही रोज बसत होती? तिला पासवर्ड मिळाला कसा?" सई माझ्याकडे बघत होती. मावशीही. सुनेनं मला विचारलं, "बाबा, तुम्हाला काही माहीत होतं?"

मी म्हणालो, "दुपारी मी झोपलेला असतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मावशी वाद घालायला थांबली नाही. सईच्या डोक्यावरून हात फिरवला, चपला घातल्या आणि गेली. सई दुपारी पाळणाघरात जाऊ लागली. तिनं माझं नाव कधीच घेतलं नाही, पण माझ्याशी बोलणंही कमी केलं. पुढे तिला स्वतःचा मोबाइल मिळाला, खोलीचं दार बंद राहू लागलं, आणि आत ती कोणाशी बोलते हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. घरात मात्र आजही 'मावशीचा निष्काळजीपणा' असाच उल्लेख होतो.

सई आता बंगळुरात नोकरी करते. गेल्या वर्षी फोनवर सहज म्हणाली, "आजोबा, नवी रूममेट आली. मी पहिलं काय विचारलं असेल? कुनाची गो तू!" ती हसली. मला हसता आलं नाही.

त्याच आठवड्यात मी एसटीनं मोऱ्याला गेलो. मावशी परत तिकडे राहायला गेली होती. ओट्यावर बसली होती, दृष्टी अधू झालेली. मला आवाजावरून ओळखलं. "पोर बरी हाय ना?" हा पहिला प्रश्न. मी तिच्यापुढे सगळं कबूल केलं.

"ह्ये मना ठाव व्हता," ती म्हणाली. "सुनंला सांगितला का तुमी?"

"नाही."

"मंग मना कशाला सांगता?"

तिनं मला जेवायला घातलं. परतीच्या एसटीत मी तिचा प्रश्न घेऊन बसलो होतो. त्यालाही वर्ष झालं. तोंडानं सांगायला मला अजून जमत नाही, म्हणून हे लिहिलं आहे. सूनबाई संध्याकाळी घरी येईल, तेव्हा हे कागद तिच्या हातात देणार आहे. पासवर्ड मी दिला होता, आणि त्या दुपारी मी जागा होतो.