मोम्बासाला नेलेलं बारा किलो पीठ

लहान मूल घेऊन परदेशी बिऱ्हाड हलवायचं मनात असेल, तर पहिला सल्ला: पीठ नेऊ नका. आम्ही नेलं होतं. बारा किलो, ज्वारीचं, कन्हेरीच्या गिरणीत दळलेलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे कारखान्यात फिटर. त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोम्बासा शहरात, बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. माझं माहेर इंदापूर, सासर कन्हेरी; माझं जग तेवढंच. नकाशात निळ्या रंगाला टेकलेला तो ठिपका बघून मी इतकी हरखले, की दूध उतू गेलं तरी मला पत्ता नाही! तीन वर्षांची पिंकीही माझं बघून उगाचच नाचत होती.

बारामतीच्या एसटी स्टँडवर निम्मी आळी पोचवायला आली. माझे सासरे, आबा, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. त्यांना समुद्राचं कौतुक नव्हतं.

"बघितलाय म्या. खारट हाय," म्हणाले. मग पिंकीच्या डोक्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं. "सूनबाई, नवं कोकरू कळपात रुळवायचं तर गोंजारत बसायचं न्हाय. सोडायचं, आन आपण पाठ करून बसायचं."

"आबा, ती कोकरू न्हाय, पोरगी हाय."

"व्हय, म्हणून तर सांगतोय. आन न्हाईच रुळली, तर हितं घिऊन यायचं."

तसं आमचं आधीच ठरलं होतं. महिन्याभरात पिंकी रमली नाही, तर मी तिला घेऊन परत यायचं आणि ह्यांनी तिकडं एकट्यानं राहायचं.

मुंबईत पीतज्वराची लस टोचून घेतली. तिचं पिवळं कार्ड जिवापाड जपा, परत येताना त्यावाचून अडवतात. विमानात पिंकीला एकच घोर: कंडक्टर आलाच नाही, आता आपल्याला उतरवणार! मी मात्र जेवणाच्या ताटलीतलं काहीही सोडलं नाही. लोण्याची इवलीशी वडीसुद्धा पिशवीत टाकली आणि नैरोबीला उतरेपर्यंत तिचं पाणी झालं.

नैरोबीहून बसनं अख्खा दिवस. खिडकीजवळची जागा धरा, कारण वाटेत मला लाल हत्ती दिसले. "ऊन लागलंय तुला," हे म्हणाले. पण ते खरंच लाल होते, तिथल्या मातीत लोळून रंगलेले.

आणि मोम्बासा! घामाच्या धारा, नारळाची झाडं, रस्त्याकडेला भाजलेले कंद, त्यावर लिंबू आणि तिखट. पहिल्या दिवशी मी तीन शहाळी प्यायले. समुद्रात साडीसकट शिरले आणि चूळ भरून बघितली. आबा खरं बोलत होते. दुसऱ्या दिवशी गुजराती वाण्याच्या दुकानात गेले, तर समोर ज्वारीचं भरलेलं पोतं! हे तिथंच पोट धरून हसले. बारा किलो ओझं त्यांनीच खांद्यावरून आणलं होतं, तरी हसले.

पिंकी मात्र हसेना. बोलेनाही. भाकरीशिवाय काही खाईना आणि माझा पदर सोडेना. घरमालकीण झैनबबाईंची तीन पोरं अंगणातून हाका मारायची, की ही माझ्या मागं. मी बिस्किटं दिली, फुगे आणले, स्वतः लंगडी घालून दाखवली. पोरं खूश, पिंकी तशीच. तीन आठवडे असे गेले आणि माझं अवसान गळालं. मला परत जायचं नव्हतं हो! मला ते शहर मनापासून आवडलं होतं.

एका दुपारी आबांचं बोलणं आठवलं. स्टोव्ह अंगणाच्या पायरीवर आणला, पिंकीला खाली सोडलं आणि सगळ्यांकडं पाठ करून भाकऱ्या थापत बसले. मागं रडणं सुरू झालं. मी वळले नाही. डोळ्यांतून पाणी पिठात पडत होतं, तरी नाही. मग रडणं थांबलं. काहीतरी गडगडलं आणि कुणीतरी खिदळलं. कितव्या भाकरीला कोण जाणे, पिंकीचा आवाज आला, "न्जो! न्जो!" तिथल्या भाषेत "ये". ती पोरांना भाकरी खायला बोलवत होती. चार हात पुढं आले. पीठ त्याच महिन्यात संपलं आणि वाण्याचं पोतं कामाला आलं.

दोन वर्षांनी सुट्टीवर कन्हेरीला आलो. आता कुणी विचारलं, काय उरलं त्या प्रवासाचं, तर मला समुद्राआधी तो दिवस आठवतो. दारात ही गर्दी. "ये की गं, वळखलं न्हाय व्हय?" जो तो पिंकीला ओढतोय आणि ती पुन्हा माझ्या पदराआड.

आबांनी तिला हाक मारली नाही. अंगणात जाऊन आमच्याकडं पाठ करून बसले आणि लोकर कातायला लागले. सूत तीनदा तुटलं, पण त्यांनी मान वळवली नाही.

बऱ्याच वेळानं माझा पदर सैल झाला. पिंकी गेली, मागून त्यांची बंडी ओढत म्हणाली, "आबा, न्जो."

"काय म्हंती?" आबांनी पाठमोऱ्यानंच मला विचारलं.

"चला म्हंती."

आबांनी सूत खाली ठेवलं, डोळे पुसले आणि वळले. "मग चल की."